पॅन्टोप्राझोलचं इंजेक्शन : कशात विरघळवायचं, किती वेळात द्यायचं, आणि कुणाला द्यायचंच नाही

सलाईनवाली

इथे परिचारिका, फार्मासिस्ट आणि डॉक्टर बरेच आहेत म्हणून हा धागा काढतेय. विषय रोजचा आहे, पण प्रत्येक वॉर्डात पद्धत वेगळी. ग्रामीण रुग्णालय, ३० खाटा, सिरिंज पंप (ठरावीक वेगाने औषध सोडणारं यंत्र) नाही, एवढं गृहीत धरा.

पॅन्टोप्राझोल म्हणजे पोटातलं आम्ल कमी करणारं औषध, वॉर्डात आपण त्याला ‘पॅन’ म्हणतो. त्याची ४० मिग्रॅची कुपी कुणी ५ मिलि डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवतं, कुणी १० मिलि नॉर्मल सलाईनमध्ये. कुणी सिरिंजने अर्ध्या मिनिटात ढकलून मोकळं होतं, तर कुणी थेट ५०० मिलि डीएनएसच्या (डेक्स्ट्रोज-सलाईनच्या) बाटलीत टाकतं. बाटलीत आधीच मल्टिव्हिटॅमिन असतं, कधी उलटीचं इंजेक्शनही. सकाळी विरघळवलेली कुपी फ्रीजमध्ये ठेवून संध्याकाळी वापरणारेही आहेत.

नेमकं बरोबर काय, आणि का? दुसरं म्हणजे रक्ताची उलटी झालेला पेशंट आला आणि पुढे पाठवायला वेळ लागणार असेल, तर पंपाशिवाय ड्रिप कशी लावायची? उत्तरं जुळली तर ड्रेसिंग टेबलावर लावायला एक कागद तयार करायचा आहे.

औषधांची_चिठ्ठी

रुग्णालयातल्या फार्मसीच्या बाजूने लिहितो.

४० मिग्रॅच्या कुपीत १० मिलि ०.९ टक्के नॉर्मल सलाईन. डिस्टिल्ड वॉटर नाही, ५ मिलिही नाही. बऱ्याच कंपन्यांच्या खोक्यात १० मिलि सलाईनची अँप्यूल सोबतच येते, तीच वापरा. यातून ४ मिग्रॅ प्रति मिलि द्रावण होतं. ते शिरेतून किमान २ मिनिटं घेऊन द्यायचं. किंवा तेच १० मिलि आणखी पातळ करून एकूण १०० मिलि करायचं आणि १५ मिनिटांत सोडायचं. पातळ करायला नॉर्मल सलाईन चालतं, ५ टक्के डेक्स्ट्रोजही चालतं. माहितीपत्रकात हे दोनच मार्ग आहेत. तिसरा नाही.

हे द्रावण चांगलंच अल्कधर्मी असतं, पीएच ९ ते १०.५. पुढच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं या एका आकड्यात आहेत: शीर का दुखते, कमरेत का देत नाहीत, दुसऱ्या औषधाशी का जमत नाही.

एक सावधगिरी. एसोमेप्राझोल ४० मिग्रॅला ५ मिलि सलाईन आणि किमान ३ मिनिटं लागतात. राबेप्राझोल २० मिग्रॅचं द्रावक आणि वेळ पुन्हा निराळी. तिन्ही कुप्या पांढऱ्या पावडरच्या आणि जवळपास सारख्या दिसणाऱ्या. पुरवठ्यात ब्रँड बदलला की खोक्यातला कागद उघडून वाचायचाच. ‘पीपीआय (पोटातले आम्लाचे पंप बंद करणारी औषधं) म्हणजे सगळं एकच’ असं धरून चाललं की गडबड होते.

निळी_कॅन्युला

खाटेशेजारी करायचं काम लिहिते.

कुपीची प्लास्टिकची टोपी काढल्यावर रबर स्पिरिटने पुसून वाळू द्या. १० मिलि द्रव छोट्या कुपीत गेला की आत हवेचा दाब वाढतो आणि सुई काढताना फवारा उडतो. म्हणून थोडं सलाईन घालायचं, तितकीच हवा सिरिंजमध्ये परत ओढायची, मग पुन्हा घालायचं. कुपी जोरात हलवू नका, फेस होतो आणि मात्रा नीट ओढता येत नाही. तळहातांत फिरवा, पावडर लगेच विरघळते. उजेडासमोर धरून बघा: पाण्यासारखं किंवा अगदी फिकट पिवळसर असेल तर ठीक. तपकिरी झाक किंवा तरंगणारे कण दिसले तर फेकून द्या. कणांमध्ये रबराचा तुकडाही असू शकतो. जाड सुई एकाच जागी परत परत खुपसली की रबर कातरलं जातं.

आता देण्याचा वेग. १० मिलि २ मिनिटांत म्हणजे दर १२ सेकंदांना १ मिलि. घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे बघत द्या, अंदाजाने दिलं की ४० सेकंदांत संपतं. आधी ५ मिलि सलाईन ढकलून कॅन्युला (शिरेत बसवलेली नळी) फ्लश करायची, म्हणजे धुवायची. शीर फुगली किंवा पेशंटने हात आखडला तर थांबायचं. नंतर पुन्हा फ्लश. नंतरचा फ्लश गाळला तर लाईनमध्ये राहिलेलं पॅन पुढच्या औषधाला भेटतं, आणि तिथेच गाळ होतो.

हाताच्या मागच्या बाजूला बारीक पिवळी २४ नंबरची कॅन्युला असेल आणि दिवसातून दोनदा पॅन जात असेल, तर शिरेचा दाह लवकर होतो. प्रौढांना निळी २२ किंवा गुलाबी २० घ्या आणि शक्यतो कोपराखालची मोठी शीर निवडा. लाल रेघ, कडक दोरीसारखी शीर किंवा गरम लागणारी कातडी दिसली की कॅन्युला त्याच पाळीत काढायची. ‘सकाळची सिस्टर बघेल’ म्हणून ठेवायची नाही.

प्रश्नचिन्ह_नागपूर

तुमचं पुस्तकी बरोबर असेल. पण ५०० मिलिच्या बाटलीत पॅन घालून देणं महाराष्ट्रातल्या किती नर्सिंग होममध्ये वर्षानुवर्षं चालू आहे! कुणाला काही झालेलं दिसत नाही. एका सिस्टरकडे वीस पेशंट असतील तर प्रत्येकाजवळ दोन मिनिटं उभं राहणार कोण?

औषधांची_चिठ्ठी

प्रश्नचिन्ह, ‘काही झालेलं दिसत नाही’ यातच अडचण आहे. बिघडलेलं पॅन्टोप्राझोल पेशंटला लगेच त्रास देत नाही. ते फक्त काम करत नाही, आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

हे औषध आम्लात टिकत नाही. पीएच ५ असलेल्या द्रावणात निम्मं औषध सुमारे २.८ तासांत मोडतं. पीएच ७.८ ला त्यालाच सुमारे २२० तास लागतात. गोळीवर आतड्यात विरघळणारं आवरण असतं ते याच कारणाने. १०० मिलि सलाईन किंवा डेक्स्ट्रोजमध्ये कुपीतला अल्क वरचढ राहतो, शिवाय १५ मिनिटांत बाटली संपते, म्हणून तिथे चालतं. ५०० मिलिमध्ये तेच औषध ०.०८ मिग्रॅ प्रति मिलि इतकं पातळ होतं. त्यात आम्लधर्मी मल्टिव्हिटॅमिनची अँप्यूल पडते आणि बाटली चार-सहा तास टांगलेली राहते. बाटली तपकिरी पडली तर निदान कळतं तरी. मल्टिव्हिटॅमिनच्या पिवळ्या रंगात तोही बदल लपतो.

आणखी एक. शीर गेली, पेशंट एक्स-रेला गेला, अर्धी बाटली उरली आणि फेकली. किती औषध गेलं? कुणालाच सांगता येणार नाही. चार्टवर मात्र ‘पॅन ४० दिलं’ अशी टिक असते.

सिस्टरच्या वेळेचा मुद्दा खरा आहे. त्यावर उपाय म्हणजे १०० मिलिची छोटी बाटली. जोडायला अर्धं मिनिट, पंधरा मिनिटांनी काढायला अर्धं मिनिट.

भंडाऱ्याचा_कंपाउंडर

पेशंटच्या नातेवाईकांना पिवळं सलाईनच लागतं. पांढरी बाटली लावली तर म्हणतात, ‘यात औषध टाकलंच नाही, नुसतं पाणी चढवताय.’ :)

निळी_कॅन्युला

खरं आहे. मग पिवळी बाटली वेगळी लावा आणि पॅन वेगळं द्या. दोघंही खूश.

पोटविकार_पुणे

गॅस्ट्रोमध्ये काम करतो. धाग्याच्या शीर्षकातला तिसरा भाग, कुणाला द्यायचंच नाही, त्यावर अजून कुणी बोललेलं नाही, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा तोच आहे.

पॅन्टोप्राझोलची गोळी सुमारे ७७ टक्के रक्तात पोचते. ४० मिग्रॅ गोळी आणि ४० मिग्रॅ इंजेक्शन यांचा आम्ल दाबण्याचा परिणाम जवळपास सारखा, म्हणून बदलताना मात्रा बदलावी लागत नाही. जो पेशंट पोहे खातोय आणि चहा पितोय, त्याला कॅन्युलामधून पॅन देण्याने जास्त काही मिळत नाही. मिळतो तो शिरेचा दाह आणि जंतुसंसर्गाचं एक दार.

लोकांना वाटतं, शिरेतून दिलं की लगेच आराम. पोटातले आम्लाचे पंप जे त्या वेळी चालू असतात, तेच हे औषध बंद करतं. औषध रक्तात तासाभरात निम्मं होतं, पण पंपाला चिकटलेलं राहतं. नवे पंप तयार होईपर्यंत, म्हणजे साधारण दिवसभर, परिणाम टिकतो. उरलेले पंप पुढच्या मात्रांमध्ये बंद होतात, म्हणून पूर्ण परिणाम यायला दोन-तीन दिवस लागतात. आत्ताची जळजळ आत्ता शमवायची असेल तर ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचं पातळ अँटासिड १० मिलि काही मिनिटांत जास्त काम करतं.

मग इंजेक्शन कुणाला? ज्याला तोंडाने देता येत नाही त्याला: सतत उलट्या, ऑपरेशननंतर उपाशी, आतडी बंद, शुद्ध नाही. ज्याच्या पोटातून रक्तस्राव होतोय त्याला. आयसीयूतल्या ठरावीक पेशंटला. आणि झोलिंजर-एलिसन सिंड्रोम (गाठीमुळे पोटात फार आम्ल तयार होण्याचा आजार) असलेल्या पण गोळी घेऊ न शकणाऱ्या दुर्मिळ पेशंटला, दर १२ तासांनी ८० मिग्रॅ. बाकीच्यांना गोळी, जेवणाआधी अर्धा ते एक तास. जेवणानंतर घेतलेली गोळी कमी काम करते. ‘गोळीने फरक पडत नाही’ म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची वेळच चुकलेली असते.

तालुक्याचा_वाचक

मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही. आमच्याकडे छातीत जळजळ झाली की दवाखान्यात कमरेत ‘ॲसिडिटीचं इंजेक्शन’ देतात. ते हेच का?

पोटविकार_पुणे

नाही दादा. कमरेत देतात ते बहुतेक रॅनिटिडीन, ५० मिग्रॅ २ मिलिमध्ये. ते स्नायूत देता येतं. पॅन्टोप्राझोल स्नायूत किंवा कातडीखाली द्यायचं नसतं, फक्त शिरेतून.

तुमच्या प्रश्नात एक धोक्याची गोष्ट आहे. चाळिशीपुढच्या माणसाला, किंवा वय कमी असलं तरी मधुमेह, तंबाखू, रक्तदाब असेल तर, छातीच्या मध्यभागी नवीन जळजळ किंवा दाब आला की आधी ईसीजी, मग ॲसिडिटी. घाम सुटला, जबडा किंवा डावा हात दुखला, दम लागला तर विचारायलाच नको. हृदयविकाराचा झटका कधी कधी ‘गॅस झालाय’ असा वाटतो, विशेषतः बायकांमध्ये आणि मधुमेहींमध्ये. इंजेक्शननंतर बरं वाटलं म्हणजे हृदय ठीक आहे असं ठरत नाही. पहिला ईसीजी साधा आला आणि दुखणं चालूच असलं, तर थोड्या वेळाने दुसरा काढावा.

तालुक्याचा_वाचक

हे घरी सगळ्यांना वाचून दाखवतो. धन्यवाद डॉक्टर.

रात्रपाळी_आयसीयू

रॅनिटिडीनचा विषय निघालाच आहे तर सांगते. शिरेतून देताना ते २० मिलिपर्यंत पातळ करून ५ मिनिटांत द्यायचं. २ मिलि तसंच ढकललं तर नाडी मंदावू शकते. मूत्रपिंड निम्म्याहून कमी चालत असेल तर दर ८ तासांऐवजी १८ ते २४ तासांनी. वयस्कर पेशंटला यात चुकून जास्त मात्रा गेली की तो भ्रमात बडबडतो, आणि आपण सोडियम तपासत बसतो. पॅन्टोप्राझोलला मूत्रपिंडासाठी मात्रा बदलावी लागत नाही, डायलिसिसवरही नाही. यकृताच्या गंभीर आजारात मात्र दिवसाला २० मिग्रॅपेक्षा जास्त द्यायचं नाही असं युरोपातलं माहितीपत्रक सांगतं.

कोकणातला_फार्मासिस्ट

रॅनिटिडीनमध्ये एनडीएमए ही कर्करोगाशी जोडलेली अशुद्धी सापडली. साठवणुकीतल्या उष्णतेने आणि काळाने ती वाढते. म्हणून एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेच्या एफडीएने ते बाजारातून काढायला सांगितलं. भारतात २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीतून ते वगळलं गेलं, पण बंदी नाही, दुकानात मिळतं. ज्यांच्याकडे साठा आहे त्यांनी तो पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत ठेवू नये. मे महिन्यात तिथे काय तापमान होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

प्रश्नचिन्ह_नागपूर

ठीक, बाटलीचा मुद्दा पटला. आता उलटीचं इंजेक्शन. पॅन आणि ऑन्डान्सेट्रॉन एकाच सिरिंजमध्ये सर्रास देतात. तेही चूक?

निळी_कॅन्युला

चूक. ऑन्डान्सेट्रॉन आम्लधर्मी द्रावणात विरघळलेलं असतं, अल्क भेटला की गाळ होतो. सिरिंज दुधासारखी गढूळ झाली की समजायचं. कधी गढूळपणा लगेच दिसत नाही आणि कॅन्युलामध्ये जाऊन दिसतो. दोन वेगळ्या सिरिंज, मध्ये ५ मिलि सलाईन. उलटीचं आधी द्या, पॅन नंतर.

रात्रपाळी_आयसीयू

आणि मिडाझोलाम! त्याचं नाव तर माहितीपत्रकातच आहे. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला मिडाझोलामचं इन्फ्यूजन चालू असतं आणि त्याच थ्री-वेमधून (लाईनच्या तीन तोंडांच्या तोटीतून) कुणीतरी पॅन ढकलतं. झिंक असलेली द्रावणंही नकोत, म्हणजे शिरेतून पोषण देतात ती पिशवी. नॉरॲड्रेनॅलिनच्या लाईनमधून तर अजिबात नाही. एक तर ते अल्कात खराब होतं, दुसरं म्हणजे लाईनमध्ये साचलेलं नॉरॲड एकदम आत जातं आणि बीपी उसळतं. पॅनला वेगळी लाईन द्या. नसेल तर औषध चालू नसलेलं ल्युमेन (लाईनमधली वेगळी वाट) निवडा.

सलाईनवाली

हे सगळं उतरवून घेतेय. रक्ताच्या उलटीचं कुणी सांगेल का? सिरिंज पंप नाही, हे लक्षात ठेवून.

पोटविकार_पुणे

सांगतो ताई. आधी क्रम. पॅन ही पहिली गोष्ट नाही. दोन जाड कॅन्युला, १८ किंवा १६ नंबर. रक्तगट आणि क्रॉसमॅचचा नमुना. नाडी-बीपी दर १५ मिनिटांनी. आरएल (रिंगर लॅक्टेट) सलाईन. पेशंट कुशीवर. मग पॅन.

सुरुवातीला ८० मिग्रॅ, म्हणजे दोन कुप्या. प्रत्येकी १० मिलि, एकूण २० मिलि, ४-५ मिनिटांत. त्यानंतर तासाला ८ मिग्रॅ. पोटात दुर्बीण घालून (एंडोस्कोपीने) रक्तस्राव थांबवल्यावर हे ७२ तास चालवायची पद्धत हाँगकाँगमधल्या अभ्यासातून रूढ झाली. तो २००० साली ओमेप्राझोल वापरून झाला होता. ३० दिवसांत पुन्हा रक्तस्राव औषध दिलेल्यांमध्ये ६.७ टक्के, न दिलेल्यांमध्ये २२.५ टक्के. कारण असं की पोटातला पीएच ६ च्या वर राहिला तरच गुठळी टिकते. आम्लात प्लेटलेट नीट चिकटत नाहीत आणि पेप्सिन गुठळी पचवून टाकतं.

पंपाशिवाय करायचं असेल तर १०० मिलि नॉर्मल सलाईनच्या बाटलीतून २० मिलि काढून टाका. दोन कुप्यांचं २० मिलि द्रावण तिच्यात घाला. आता १०० मिलिमध्ये ८० मिग्रॅ आहे, म्हणजे तासाला १० मिलि हवं. मायक्रोड्रिप सेटचे ६० थेंब म्हणजे १ मिलि, तेव्हा मिनिटाला १० थेंब. बाटली १० तास चालते. साधा सेट लावू नका. त्याचे २० थेंब म्हणजे १ मिलि, मग मिनिटाला तीन-साडेतीन थेंब येतात आणि ते कुणालाच सांभाळता येत नाहीत. बाटलीवर कागदी चिकटपट्टीने तासातासाच्या खुणा करा.

रात्रपाळी_आयसीयू

पंप असणाऱ्यांसाठी: दोन कुप्या, सलाईन घालून एकूण ५० मिलि, तासाला ५ मिलि. म्हणजे ८ मिग्रॅ, १० तास. काही जण पाच कुप्या ५० मिलिमध्ये भरून तासाला २ मिलिने २५ तास चालवतात. हिशेब बरोबर आहे, पण सिरिंज इतका वेळ टांगून ठेवणं मला मान्य नाही. ७२ तासांचं गणित ५७६ अधिक सुरुवातीचे ८०, म्हणजे ६५६ मिग्रॅ. १७ कुप्या. स्टोअरला एकदम सांगून ठेवा, नाहीतर रविवारी रात्री संपतात.

एमडी_मराठवाडा

थोडं वेगळं मत. ग्रामीण रुग्णालयात १० थेंबांची ड्रिप रात्रभर बरोबर चालेल यावर माझा भरवसा नाही. हात वाकला की बंद, कुणी चाक फिरवलं की तासात रिकामी. सुरुवातीचे ८० मिग्रॅ दिल्यावर दर १२ तासांनी ४० मिग्रॅ, किंवा दिवसातून तीन-चार वेळा ४० मिग्रॅ दिलं तरी परिणाम सतत ड्रिपच्या तोडीचा मिळतो. अमेरिकन गॅस्ट्रोएंटरॉलॉजी कॉलेजच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही तुकड्यांनी द्यायची पद्धत मान्य आहे. खरं दिलेलं औषध कागदावरच्या ड्रिपपेक्षा बरं.

पोटविकार_पुणे

एमडी सर, तुमच्या ठिकाणी तेच करा, माझा विरोध नाही. माझा आग्रह दुसऱ्याच गोष्टीचा आहे. पॅन चालू केलं म्हणून पेशंट ठेवून घ्यायचा नाही. दुर्बिणीआधी दिलेल्या औषधाने दुर्बिणीतून उपचार करायची गरज थोडी कमी होते (हाँगकाँगच्याच २००७ च्या अभ्यासात २८.४ वरून १९.१ टक्के), पण मृत्यू कमी झाल्याचं दिसलेलं नाही. दुर्बीण २४ तासांच्या आत व्हायला हवी. ८० मिग्रॅ द्या, १०८ बोलवा, चिठ्ठीवर मात्रा आणि वेळ लिहा. ‘इंज. पॅन दिले’ एवढंच लिहिलं की पुढचा डॉक्टर पुन्हा ८० देतो.

आणि दारूमुळे यकृत खराब झालेला, पोटात पाणी असलेला, प्लीहा वाढलेला पेशंट रक्त ओकत असेल, तर तो बहुधा अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांचा रक्तस्राव. तिथे आम्ल हे कारणच नाही. टर्लिप्रेसिन किंवा ऑक्ट्रिओटाइड, अँटिबायोटिक आणि बँड बांधणं हे खरे उपचार. पॅनवर विसंबून वेळ घालवू नये.

सोलापूरची_सून

डेंग्यूच्या प्रत्येक पेशंटला दिवसातून दोनदा पॅन इंजेक्शन का देतात? प्लेटलेट कमी म्हणून?

एमडी_मराठवाडा

सवयीने. डेंग्यूच्या ज्या पेशंटला उलट्या थांबत नाहीत त्याला इंजेक्शन समजू शकतो. जो ओआरएस आणि नारळपाणी पितोय त्याला गरज असेल तर गोळी, बहुतेकांना तीही नको. पॅनने प्लेटलेट वाढत नाहीत. डायक्लोफेनॅक, ब्रुफेन, ॲस्पिरिन न देणं हे पोटातला रक्तस्राव टाळण्याचं जास्त मोठं काम आहे.

रात्रपाळी_आयसीयू

आयसीयूमध्ये मात्र पुरावा आहे. २०२४ च्या रिव्हाइज अभ्यासात व्हेंटिलेटरवरच्या पेशंटना रोज ४० मिग्रॅ पॅन्टोप्राझोल शिरेतून दिल्यावर महत्त्वाचा रक्तस्राव १ टक्का, न दिलेल्यांमध्ये ३.५ टक्के. मृत्यूंमध्ये फरक नाही. व्हेंटिलेटर किंवा रक्त न गोठण्याचा त्रास, म्हणजे प्लेटलेट ५०,००० च्या खाली किंवा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं माप) १.५ च्या वर, हे दोन मुख्य निकष. श्वासाची नळी निघाली, पेशंट वॉर्डात गेला की कारण संपलं, औषधही संपायला हवं. प्रत्यक्षात ते डिस्चार्ज कार्डावर ‘टॅब पॅन-डी’ होऊन घरी जातं आणि वर्षभर चालू राहतं. दीर्घकाळ घेतल्याने मॅग्नेशियम उतरू शकतं, सी. डिफिसिल या जंतूमुळे जुलाब होण्याची शक्यता वाढते. पॅन-डी मधल्या डॉमपेरिडोनमुळे हृदयाचे ठोके बिघडू शकतात, ते वेगळंच.

कोकणातला_फार्मासिस्ट

रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) असलेल्या पेशंटबद्दल. पॅनची गोळी खलबत्त्यात कुटून नळीतून घालतात. आवरण फुटलं की औषध पोटातल्या आम्लात खलास, आणि नळीही तुंबते. नळीतून द्यायचं असेल तर एसोमेप्राझोलचे पाण्यात मिसळायचे दाणेदार सॅशे मिळतात, ते मागवा. नळी चालू असलेल्या पेशंटला निव्वळ कुटता येत नाही म्हणून रोज इंजेक्शन देण्यापेक्षा ते बरं.

पोटविकार_पुणे

हे महत्त्वाचं. आणखी एक जोड: अल्सर सापडला तर हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू तपासा. पॅन चालू असताना, आणि रक्तस्राव चालू असतानाही, तपासणी खोटी निगेटिव्ह येते. म्हणून निगेटिव्ह आली तर औषध दोन आठवडे बंद ठेवता येईल तेव्हा परत करावी. जंतू राहिला तर अल्सर परत येतो, मग कितीही पॅन द्या.

सलाईनवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. कागदासाठी असं लिहिलंय, तपासून द्या:

‘पॅन्टोप्राझोल ४० मिग्रॅ : १० मिलि नॉर्मल सलाईन. शिरेतून, २ मिनिटांपेक्षा कमी वेळात नाही. किंवा एकूण १०० मिलि, १५ मिनिटं. आधी आणि नंतर ५ मिलि फ्लश. स्नायूत नाही. मल्टिव्हिटॅमिन, ऑन्डान्सेट्रॉन, मिडाझोलाम यांच्यासोबत नाही. ५०० मिलिच्या बाटलीत नाही. पेशंट खायला लागला की डॉक्टरांना गोळीबद्दल विचारा.’

विरघळवलेलं किती वेळ ठेवायचं? आणि फ्रीजचं काय?

औषधांची_चिठ्ठी

कागद उत्तम आहे. वेळेबाबत माहितीपत्रकांत फरक आहे: युरोपातलं १२ तास म्हणतं, अमेरिकेतलं सिरिंजने द्यायच्या द्रावणाला २४ तास देतं, आणि पुढे १०० मिलि करायचं असेल तर ६ तासांच्या आत करा म्हणतं. हे सगळे आकडे औषध रासायनिकदृष्ट्या किती टिकतं याचे आहेत. वॉर्डातल्या टेबलावर सुई टोचलेल्या कुपीत जंतू गेले की नाही, ते या आकड्यांत येत नाही. म्हणून कागदावर लिहा: ‘विरघळवलं की लगेच द्या, उरलं तर फेका.’ एका पेशंटला एक कुपी, अर्धी दुसऱ्याला नाही. फ्रीजमध्ये ठेवून काही मिळत नाही, आणि बर्फाच्या कप्प्यात गोठलेलं तर वापरूच नये. न उघडलेल्या कुप्या खोक्यातच, उजेडापासून दूर.

आणि सिरिंजवर चिकटपट्टी. ट्रेमध्ये पॅन, सेफ्ट्रायॅक्झोन, हायड्रोकॉर्टिसोन यांच्या १० मिलिच्या सिरिंज शेजारी शेजारी पडलेल्या असतात आणि तिन्ही जवळपास सारख्याच दिसतात. भरणाऱ्यानेच तिथल्या तिथे नाव, मात्रा आणि वेळ लिहायची.

निळी_कॅन्युला

कागदावर ‘दर १२ सेकंदांना १ मिलि’ हेही घाला. ‘२ मिनिटं’ वाचून कुणी घड्याळ लावत नाही, पण १२ सेकंद मोजता येतात.

सलाईनवाली

घातलं. मायक्रोड्रिपचा हिशेब वेगळ्या कागदावर, इमर्जन्सी ट्रॉलीच्या झाकणाला आतून चिकटवतेय. एमडी सर, तुमची तुकड्यांची पद्धतही खाली लिहितेय, कुठली वापरायची ते ड्यूटीवरचे डॉक्टर ठरवतील.

एमडी_मराठवाडा

छान. त्याच ट्रॉलीत दोन मायक्रोड्रिप सेट आणि १०० मिलिच्या दोन बाटल्या पॅनच्या कुप्यांसोबत एकाच पिशवीत बांधून ठेवा.